झोळीतली झोप

मालन पोराला खांद्यावर टाकून शेडच्या दारात उभी होती आणि ओरडत होती. चार माग चालू असताना दारातल्या माणसाचा शब्द आत पोचत नाही, पण बायकोचे ओठ नवऱ्याला वाचता येतात. "बंद करा ते!" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. सुहासचं तोंड रडून लालबुंद झालं होतं.

मी एकेक हँडल ओढून माग थांबवले.

"आत्ता कुठं डोळा लागला हुता त्याचा. तुमी माग लावला आणि दचकून उठला बघा. रोज ह्येच चाललंय."

"मग काय करू? पोर झोपलं म्हणून कापड विणायचं थांबवू?"

"थांबवू नका. आमीच जातो."

तिच्या त्या 'जातो'ला मी फार घाबरायचो. चारचौघांत मी आवाज चढवून बोलणारा माणूस, पण हा एक शब्द आला की माझा आवाज खाली यायचा. बाळंतपणाला ती माहेरी गेली ती सुहास मान धरायला लागला तरी परतली नव्हती. तिला आणायला मी एसटीनं गेलो आणि एकटाच परत आलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा कशीबशी निघाली. एकट्यानं काढलेल्या त्या दिवसांत मला घर खायला उठायचं. बायको माहेरी जाऊन बसली की गल्लीतले लोक काय काय बोलतात, तेही मी ऐकून होतो.

तिचं माहेर आजऱ्याच्या बाजूला, एका वाडीत. घरापुढं भाताचं शेत, मागं काजूची झाडं, आणि आवाज म्हणाल तर पाखरांचा आणि गोठ्यातल्या म्हशीच्या गळ्यातल्या घंटेचा. तिथं म्हणे सुहास ढाराढूर झोपायचा. आमचं घर इचलकरंजीच्या ऐन गल्लीत. पुढं दोन खोल्या, त्यांना लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये चार माग. सगळीकडं एकच सलग शहाबादी फरशी. शेजारी माग, पाठीमागं माग, समोर माग. दुपारी आमच्या गल्लीत पाव्हणा आला तर पहिल्यांदा कानावर हात ठेवतो, मग रामराम घालतो.

"तुज्या म्हायेरी पोर झोपायचं, कारण तिथं करायला दुसरं हाय काय?" असं मी तिला चिडवायचो. पहिल्यांदा ती हसायची. पुढं पुढं हसेनाशी झाली. रात्रीचं जागरण, दुपारी पोर पायरव झाला तरी उठणारं, आणि दिवसभर खटाखट. तिचे डोळे खोल गेले होते. पोरगंही चिरचिरं झालं होतं. दूध पितापिता पेंगायचं, खाली ठेवलं की घटकाभर झोपायचं, आणि मी माग लावला की दोन्ही हात झटकून जागं व्हायचं.

त्या दिवशी रात्री जेवताना तिनं सरळ सांगून टाकलं.

"ह्यो रविवार सोडून पुढच्या रविवारी दादा येणार हाय. तवर ह्याची दुपारची झोप नीट बसली तर मी ऱ्हाते. न्हाईतर पोरगं चालाय लागंपर्यंत मी तिकडंच."

"चालाय लागंपर्यंत? म्हंजे वरीस काढणार तू तिकडं?"

"झोपंवाचून पोर वाळालंय. तुमाला दिसत न्हाई काय?"

दिसत होतं. मी ताटातला भात चिवडत राहिलो. आई मात्र ताटावरून उठली ती कंबर कसूनच.

"मी चार पोरं ह्याच घरात वाढविली," ती माझ्याकडं बोट करत म्हणाली. "हा मुरल्या तर मागाच्या पायाशी पडून झोपायचा. लाईट गेली, माग थांबलं, की भोकाड पसरायचा. कोष्ट्याच्या पोराला आवाज लागतोय झोपायला. ह्याला नुसती सवं लावली पायजे."

ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. आमच्या गल्लीत हा प्रकार सगळ्यांना ठाऊक. भर दुपारी लाईट जाते, एका झटक्यात सगळ्या गल्लीतले माग थांबतात, आणि त्या शांततेनं घराघरातली तान्ही पोरं दचकून उठून रडायला लागतात. कुणाच्या घरात लहान मूल आहे हे आम्हाला लाईट गेली की कळतं. बाहेरून नवीन आलेल्या सुनांना याचं नवल वाटतं, मग त्यांचीही पोरं तशीच होतात.

दुसऱ्या दिवसापासून आईनं सुहासचा दिवस घड्याळासारखा बसवून टाकला. सकाळी उन्हं अंगणात आली की कोमट तेलानं मालीश. मग कढत पाण्यानं आंघोळ. शेगडीवर ओवा आणि वावडिंग टाकून धुरी. धुरीत पोर खोकायचं आणि मालन कळवळायची, पण आई ऐकून घेणारी नव्हती. मग दुपट्यात गच्च गुंडाळून दूध, आणि दूध झालं की झोप. मलाही तिनं कामाला लावलं. मी जेवून माग लावायचे ते रोज एकाच वेळी, पाच मिनिटं इकडं नाही की तिकडं नाही.

"पोराला झोपंची येळ आणि मागाची येळ एकच वाटली पायजे," ती म्हणायची.

तरीही पहिले दोन दिवस काही जमलं नाही. फरशीवर गोधडी घालून त्याला झोपवायचे, मी माग लावायचो, आणि पोर हात झटकून उठायचं. मालन माझ्याकडं बघायची सुद्धा नाही. तिनं कपड्यांची बॅग माळ्यावरून खाली काढून कोपऱ्यात ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी आईनं आपलं एक जुनं नऊवारी पातळ काढलं आणि मधल्या खोलीच्या तुळईला झोळी बांधली.

"झोळीत पाठ वाकडी हुतीया म्हणत्यात," मालन म्हणाली.

"तुज्या नवऱ्याची झालीया काय वाकडी?"

"पाठ सरळ हाय. बाकीचं मला म्हाईत न्हाई," मालन म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी घरात तिघंही हसलो.

त्या दुपारी सुहासला झोळीत घातलं. आईनं दोन झोके दिले. त्याचे डोळे मिटले. मी भीत भीत शेडमध्ये गेलो, पहिला माग लावला आणि धावत परत आलो. पोर झोपलेलं. दुसरा लावला. झोपलेलं. चारी माग धडाधड चालू झाले, आणि आमचा पठ्ठ्या तोंड अर्धवट उघडं टाकून झोपलेला. मी झोळीपाशी उभा राहिलो आणि अक्षरशः रडायच्या बेताला आलो. मालन भिंतीला टेकून बसली होती. बसल्याबसल्या तिचाही डोळा लागला.

नंतर रोज तेच. आंघोळ, धुरी, दूध, झोळी, माग. सुहास चांगला दोन-अडीच तास झोपायचा. उठला की हसत उठायचा. चार दिवसांत त्याचे गाल भरल्यासारखे दिसायला लागले. मी गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटलो. पलीकडच्या अक्काताईंनी तर आपल्या नातीसाठी आमच्या आईकडून झोळीची गाठ शिकून घेतली.

"मग? बॅग ठेवायची न्हवं परत माळ्यावर?" मी मालनला विचारलं.

"बघू की रविवारी," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "लईच झोपालंय हो पोर."

"आता झोपतंय तर तेबी तुला खुपालंय?"

"खुपत न्हाई. आपलं म्हटलं."

मी ते मनावर घेतलं नाही. बायका कुठल्यातरी कारणानं काळजी करतच असतात, असं तेव्हा माझं मत होतं.

गुरुवारी दुपारी लाईट गेली. मालन अक्काताईंकडं पापड लाटायला गेली होती. आई मधल्या खोलीत तांदूळ निवडत होती, आणि सुहास नुकताच झोळीत झोपला होता. एका क्षणात सगळी गल्ली चिडीचूप झाली. मी शेडमध्ये सूत भरलेला धोटा हातात घेऊन उभा होतो. पाठोपाठ पोरांच्या रडण्याला सुरुवात झाली. आधी समोरच्यांचं, मग मागच्या बोळातलं, मग अक्काताईंची नात. मी हसत मधल्या खोलीत आलो.

"बघितलंस? गल्ली उठली, आणि हा गाढ! नुसती सवं न्हाई लावली, तू तर ह्याला पैलवान केलास."

आईचे हात सुपात थांबले होते. ती झोळीकडं बघत होती.

"मुरल्या," ती म्हणाली, "ह्यो का उठला न्हाई?"

"झोप लागलीया म्हणून."

"तू उठायचास. तुजी भावंडं उठायची. तुजा बा शेवटच्या दुखण्यात ग्लानीत पडलेला, तरी माग थांबलं की डोळं उघडायचा." तिनं सूप बाजूला ठेवलं. "ह्यो का उठला न्हाई?"

ती स्वयंपाकघरात गेली आणि पितळी ताट आणि उलथनं घेऊन आली. मी काही म्हणायच्या आत तिनं झोळीशी वाकून ताटावर उलथनं हाणलं. माझ्याच कानात दडे बसले. रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. सुहासच्या पापणीला पापणी चिकटलेली ती तशीच. आईनं दुसऱ्यांदा हाणलं, तिसऱ्यांदा हाणलं.

मी तिच्या हातातून ताट ओढून घेतलं.

"येडी झालीस काय? पोराच्या कानाशी ताट वाजवतीस?"

"मग उठला का न्हाई?"

"तूच सवं लावलीस न्हवं आवाजाची? आणि आता तूच इचारतीस?"

आई झोळीकडंच बघत राहिली. तिचा चेहरा बघून मला संताप आला, आणि संतापाच्या खाली मला भीती वाटत होती. मी मनात पहिली गोष्ट शोधली ती ही, की ह्याच पोराला आठवड्यापूर्वी मागाच्या आवाजानं झोप लागत नव्हती. मग ह्याला ऐकू येत नाही असं कसं होईल? घरातलं सगळं भांडण तर त्यावरूनच चाललं होतं.

"थांब," मी आईला म्हटलं. "लाईट येऊ दे. तुला दाखवतो."

तासाभरानं लाईट आली. सुहास आपल्या वेळेला उठला, झोळीच्या कडेतून आमच्याकडं बघून हसला. मी त्याला उचलला, शेडमध्ये नेला, फरशीवर गोधडी घालून मागाकडं पाठ करून बसवला. नुकताच तो बसायला शिकला होता, मागं पडू नये म्हणून मी दोन बाजूंना उशा लावल्या. आई दारात येऊन उभी राहिली. मी हँडल ओढला.

धोट्याचा पहिला ठोका पडला आणि सुहास केवढ्यानं दचकला! दोन्ही हात वर झटकले, अंग वळवून मागाकडं बघितलं आणि ओठ काढून रडायला लागला. पोराच्या रडण्याचा एवढा आनंद मला आयुष्यात परत कधी झाला नाही.

"बघ आई! बघ! आलं का न्हाई ऐकू?"

आईनं दोन्ही हात जोडले. "माजीच जीभ झडू दे," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. तिला हसूही येत होतं.

एवढ्यात मालन आली. तिच्या हाताला पापडाचं पीठ होतं.

"का रडवालाय त्याला?"

मी माग थांबवला आणि हसत हसत तिला सगळं सांगितलं. लाईट गेली तेव्हा गल्ली कशी उठली, हा कसा उठला नाही, आईनं ताट कसं बडवलं आणि आता हा कसा दचकला. मला वाटलं ती पण हसेल, निदान आईवर चिडेल तरी. ती तिथंच उभी राहून सुहासकडं बघत होती.

"परत लावा," ती म्हणाली.

मी लावला. सुहास दचकला.

"बंद करा."

मी बंद केला. तिनं पोराला उचललं आणि शेडच्या बाहेर, अंगणातल्या मातीत जाऊन उभी राहिली. दारापासून चार पावलांवर. पोराचं तोंड तिच्या खांद्याकडं होतं, पाठ आमच्याकडं.

"आता लावा."

"कशाला गं?"

"लावा म्हणते न्हवं."

मी हँडल ओढला. सुहास तिच्या मंगळसूत्राच्या मण्यांशी खेळत होता.

"सगळं लावा."

मी चारी माग लावले. तिथं उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत धडधड होते एवढा तो आवाज. सुहासनं एक मणी तोंडात घातला. मालन त्याच्या डोळ्यांकडं बघत होती. मी माग थांबवले, परत लावले, परत थांबवले. किती वेळा ते मला आठवत नाही. कुणीतरी बास म्हणावं असं मला वाटत होतं आणि कुणी म्हणत नव्हतं.

मग ती आत आली आणि तिनं त्याला गोधडीवर ठेवला. मी माग लावला. तो दचकला.

"हादरा," मालन म्हणाली. "फरशीचा हादरा कळतोय त्याला. आवाज न्हाई. मांडीवर असला की मागाच्या आवाजानं कधीच उठला न्हाई तो. खाली ठिवला की उठायचा. आणि झोळीला हादरा पोचतच न्हाई."

आई दारातच खाली बसली.

सगळं समजायला मला वेळ लागला नाही, पण ते मान्य करायला लागला. आजऱ्याला मातीच्या जमिनीवर तो झोपायचा. आमच्या फरशीवर उठायचा. झोळीत परत झोपायला लागला. इतके दिवस आम्ही दोघं ज्या आवाजावरून भांडत होतो, तो त्याच्यापर्यंत कधी गेलाच नव्हता. त्याच्यासाठी आजरा शांत होता आणि इचलकरंजीही शांतच होती.

मालन रडली नाही. तिनं त्याला मांडीवर घेतला आणि त्याच्या कानाला तोंड लावून हळूच हाक मारली. "सुहास." मग जरा मोठ्यानं. "सुहास." मग ती ओरडलीच. "सुहास!" तिच्या श्वासानं त्याच्या कानाला गुदगुल्या झाल्या असाव्यात. मान आखडून तो खुदूखुदू हसायला लागला. तो हसला तसं मालननं त्याला पोटाशी धरलं. मी शेडच्या मागं गेलो आणि भिंतीला कपाळ टेकून उभा राहिलो.

शनिवारी आम्ही त्याला मिरजेला नेला. डॉक्टर म्हातारे होते, घाई करणारे नव्हते. त्यांनी पोराच्या मागं उभं राहून घंटी वाजवली, खुळखुळा वाजवला, एक लोखंडी चिमटा वाजवून कानाशी धरला. शेवटी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जन्मापासूनच असावं," ते म्हणाले. "मूल बोलत नाही म्हणून दोन-तीन वर्षांनी येतात लोक. मूल झोपतं कसं यावरून ओळखून तुमच्यासारखं कुणी आलं नव्हतं."

"दवा हाय काय ह्याला?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले.

आम्ही एसटीनं परत निघालो. सुहास खिडकीतून पळणारी झाडं बघत होता आणि दर झाडाला हात करत होता. मालननं त्याला घट्ट धरलं होतं. घरी आल्यावर आईनं आमच्याकडं नुसतं बघितलं आणि काही न विचारता पानं वाढली. जेवलं कुणीच नाही.

रविवारी सकाळी मालनचे दादा आले. हातात काजूगराची पिशवी, खांद्यावर उपरणं, एसटीतून उतरल्या उतरल्या चालत आलेले. बॅग कोपऱ्यात तशीच भरलेली होती. शनिवारी रात्रभर मी त्या बॅगेकडं बघत पडलो होतो. ती आता जाईल आणि परत यायची नाही, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती. तिनं जावं असंच एक मन म्हणत होतं. अशा पोराला घेऊन बाई आईच्याच कुशीत जाईल, आणि मी अडवणार तरी कुठल्या तोंडानं.

आईनं दादांना पाणी दिलं. सुहासची आंघोळ, धुरी, दूध सगळं झालं होतं, आणि तो झोळीत झोपला होता.

"काय गं, आवरलंस न्हवं?" दादा म्हणाले. "जेवलं की निघू. आबा नातवाची वाट बघत बसल्यात."

"मी येत न्हाई, दादा," मालन म्हणाली.

दादांनी तांब्या खाली ठेवला. "आँ? चिठ्ठी तूच धाडलीस न्हवं? पोराला ह्या आवाजात झोप लागत न्हाई म्हणून?"

मालन झोळीची दोरी धरून उभी होती. तिनं सुहासकडं बघितलं, मग दादांकडं.

"आता त्याला आवाजाचा काय तरास न्हाई."

दादांचा चेहरा एकदम फुलला. बहिणीचा संसार मोडतोय की काय या घोरात तो माणूस महिनाभर होता, ते त्याच्या तोंडावरून आत्ता कळत होतं. ते उठले आणि त्यांनी माझ्या पाठीवर जोरात थाप मारली.

"जिंकलासा की, दाजी! लावली बगा सवं! शेवटी पोर कोष्ट्याचंच!"

आई पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात गेली. मालननं माझ्याकडं बघितलं. दादांना आज सांगू नका, एवढंच तिच्या बघण्यात होतं. बहिणीच्या घरून भाऊ हसत जावा, असं तिला वाटत असावं. कितीतरी महिने मी तिच्या तोंडून 'मी येत न्हाई' हेच वाक्य ऐकायला टपलो होतो.

"व्हय," मी दादांना म्हटलं. "झाली सवं."

"मग लावा की माग! बगू तरी कसा झोपतोय भाचा!"

मी शेडमध्ये गेलो आणि चारी माग लावले.